हेलफायर पासचा ऑडिओ गाइड: युद्धकैद्यांच्या आवाजात एक खिंड

युद्धकैदेवर प्रदर्शन मांडणाऱ्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती दाखवायचे काय, ही. लढाईच्या संग्रहालयाला तोफा, विमाने, गणवेश आणि नकाशे सहज मिळतात; कैद्यांच्या मागे मात्र पत्र्याचा एखादा डबा, बांबूची भांडी, पुरून वाचवलेली वही, चोरून काढलेली काही रेखाचित्रे एवढाच ऐवज उरतो. छायाचित्रे आणि चित्रफिती यांची तर वेगळीच गोम आहे. छावणीत उघडपणे कॅमेरा चालवण्याची मुभा पहारा देणाऱ्यांनाच असल्यामुळे जे राजरोस चित्रण झाले ते बहुतेक त्यांच्या सोयीचे झाले, आणि कैद्यांनी जे टिपले ते जिवावर उदार होऊन, लपूनछपून आणि तुटपुंजे टिपले. अशा विषयाला पडदे, प्रकाशझोत, ध्वनिपरिणाम आणि आभासी आकृत्या यांची जोड देण्याचा मोह संग्रहालयांना व्हावा हे समजण्याजोगे आहे. पण ही जोड काही सांगते, की सांगण्यासारखे हाती नाही हे नुसते झाकते, हे प्रत्येक ठिकाणी तपासून पाहावे लागते. थायलंडच्या कांचनाबुरी प्रांतातील हेलफायर पास येथील संग्रहालय आणि तेथे मिळणारा ऑडिओ गाइड यांच्याकडे मी याच दृष्टीने पाहिले. या विषयावर तंत्रज्ञान कसे वापरावे याचा इतका नेटका नमुना मला दुसरीकडे आढळलेला नाही. त्यात एक मोठी उणीवही आहे, तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

आधी पार्श्वभूमी. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जिंकल्यानंतर तेथील जपानी सैन्याला रसद पोचवण्याचा समुद्रमार्ग दोस्त राष्ट्रांच्या पाणबुड्या आणि विमाने यांच्यामुळे धोक्याचा झाला होता, म्हणून जपानी लष्कराने थायलंडमधून ब्रह्मदेशातील थानब्यूझायातपर्यंत सुमारे ४१५ किलोमीटरचा लोहमार्ग डोंगर आणि जंगल फोडून काढायचे ठरवले. ऑक्टोबर १९४२ ते ऑक्टोबर १९४३ या जेमतेम एका वर्षात तो पुरा झाला. त्यावर ब्रिटिश, डच, ऑस्ट्रेलियन आणि काही अमेरिकन असे ६०,००० हून अधिक युद्धकैदी राबले आणि त्यांतले १२,००० हून अधिक दगावले. त्यांच्या कित्येक पटींनी अधिक असलेल्या आशियाई मजुरांची संख्या दोन लाखांच्या घरात किंवा त्याहूनही जास्त धरली जाते, आणि त्यांच्या मृत्यूंचे अंदाज ९०,००० पर्यंत जातात. युद्धकैद्यांचे आकडे जवळपास नेमके सांगता येतात आणि मजुरांचे नुसते अंदाजच सांगावे लागतात, ही तफावत लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण ऑडिओ गाइडमध्ये कोण बोलते आणि कोण बोलत नाही याचे मूळ तिच्यातच आहे.

हेलफायर पास म्हणजे या मार्गावरील कोन्यू येथे खडकातून खोदलेली सुमारे ७५ मीटर लांब आणि २५ मीटर खोल अशी खिंड. २५ एप्रिल १९४३ रोजी ऑस्ट्रेलियन कैद्यांनी येथे काम सुरू केले, आणि पुढे पावसाळा, पटकी, उपासमार यांच्या जोडीला काम लवकर उरकण्यासाठी पहारेकऱ्यांचा ‘स्पीडो, स्पीडो’ असा तगादा सुरू झाला. रात्रपाळीत मशाली आणि बांबूच्या शेकोट्या यांच्या उजेडात हाडांचे सापळे झालेली माणसे खडक फोडत आहेत, हे दृश्य वरून पाहणाऱ्यांना नरकासारखे वाटले आणि त्यावरून हे नाव पडले.

हे संग्रहालय ऑस्ट्रेलियन सरकारने बांधले. १९९८ मध्ये ते खुले झाले आणि २०१८ मध्ये त्याचे नूतनीकरण झाले. प्रवेशासाठी पैसे घेतले जात नाहीत आणि ऑडिओ गाइडही मोफत मिळतो. इमारत लहान आहे, दालनातील फलक, छायाचित्रे, वस्तू आणि चित्रफीत हे सारे संयत आहे, आणि त्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. आत शिरताच डोळे दिपतील असे काहीही तेथे नाही आणि ते नाही हेच बरे. चित्रफीत माहितीचा पाया घालून देते आणि माणसाला बाहेर काढते. खरे प्रदर्शन बाहेर, पायऱ्या उतरून गेल्यावर, जुन्या लोहमार्गाच्या कडेने सुरू होते, आणि त्या प्रदर्शनाचा बहुतेक सारा भार त्या हातात मावणाऱ्या यंत्रावर आणि हेडफोनवर टाकलेला आहे.

यंत्राची रचना साधी आहे. वाटेवर ठिकठिकाणी थांबे आहेत, त्या त्या थांब्याचे निवेदन आपण सुरू करायचे, ऐकायचे आणि पुढे चालायचे. निवेदक मोजके बोलतो आणि बाजूला होतो. मग येथे राबलेले माजी युद्धकैदी स्वतः बोलू लागतात. ही ध्वनिमुद्रणे युद्धानंतर पुष्कळ वर्षांनी केलेली आहेत. आवाज म्हाताऱ्यांचे आहेत, मध्येच थांबणारे, कधी एखाद्या आठवणीवर चक्क हसणारे, आणि त्या हसण्याने ऐकणाऱ्याला जे वाटते ते कोणत्याही करुण पार्श्वसंगीताने वाटले नसते. एखादा नट हाच मजकूर वाचता तर त्याने प्रत्येक वाक्याला वजन दिले असते. ज्याने ते भोगले तो माणूस मात्र मित्राच्या मरणाबद्दल आणि भाताच्या पातळ पेजेबद्दल एकाच सपाट सुरात बोलतो, आणि ऐकणाऱ्याने काय वाटून घ्यावे हे त्याच्यावरच सोडतो.

या मांडणीचा कस लागतो तो खिंडीत. खडकात भोके पाडण्याचे काम दोघांच्या जोडीने चाले: एकाने पोलादी पहार धरून प्रत्येक घावानंतर थोडी फिरवायची, दुसऱ्याने तिच्या माथ्यावर घण घालायचा, मधूनमधून भोकातील भुकटी उपसायची, आणि ठरलेली खोली गाठली की सुरुंग भरून खडक उडवायचा. प्रत्येक जोडीला दिवसाला किती खोल भोक पाडायचे ते नेमून दिलेले असे आणि ते प्रमाण पुढे वाढवत नेले गेले. हे वर्णन एखाद्या बंद दालनात, चकचकीत पडद्यावर, सजीवचित्रणाने दाखवता आले असते आणि ते कळलेही असते. येथे मात्र ते कानात चालू असताना समोरच्या कातळात त्याच भोकांच्या उभ्या खुणा दिसतात, आणि एके ठिकाणी तर मोडून अडकलेल्या पहारेचे गंजलेले टोक खडकातच राहिलेले आहे. बोट लावले तर लागेल इतके ते जवळ आहे. दृश्य जागेवरच हजर असताना तंत्रज्ञानाने दृश्य पुरवण्याच्या भानगडीत पडू नये, फक्त आवाज पुरवावा, हा निर्णय ज्या कोणी घेतला त्याला या कामाची जाण होती असेच म्हणावे लागेल.

काही तांत्रिक बाबींतही शहाणपण दिसते. हल्ली बहुतेक संग्रहालये पाहुण्यालाच आपला मोबाइल काढायला लावतात, फलकावरचा क्यूआर कोड टिपायला सांगतात आणि संकेतस्थळावरून ध्वनी ऐकवतात. त्यात खर्च वाचतो, परंतु जंगलातल्या दरीत नेटवर्कचा भरवसा धरता येत नाही, मोबाइलची बॅटरी छायाचित्रे काढण्यातच संपते, आणि मुख्य म्हणजे ऐकता ऐकता संदेश वाचण्याचा चाळा कोणाला सुटत नाही. वेगळे यंत्र हातात असले की माणूस निदान त्या वेळापुरता एकाच कामाला बांधला जातो. दुसरी बाब अशी की ध्वनी आपोआप सुरू होत नाही. कैदेविषयीच्या प्रदर्शनात हे मी फार महत्त्वाचे मानतो: पाहुण्याला थांबवण्याचा, वगळण्याचा, पुन्हा ऐकण्याचा किंवा हेडफोन काढून नुसते उभे राहण्याचा अधिकार असला पाहिजे. मृत्यूंचे आणि रोगांचे वर्णन सोसवेना असे वाटणारे लोक असतात, लहान मुले बरोबर असतात, आणि काहींच्या घरातला कोणीतरी याच मार्गावर गेलेला असतो.

उलट उदाहरण म्हणून एका संग्रहालयाचा अनुभव सांगतो, त्याचे नाव घेण्याची गरज नाही. तेथे कैद्यांच्या एका दैनंदिनीतील उतारे छताला लावलेल्या ध्वनिक्षेपकातून ऐकवले जात होते आणि शेजारच्या दालनात विमानहल्ल्याची चित्रफीत अखंड फिरत होती. दोन्हींच्या मध्ये भिंत होती, पण दार नव्हते. परिणामी दैनंदिनीतला माणूस बायकोला काही सांगू लागला की नेमका बॉम्ब पडे, आणि दर काही मिनिटांनी तोच बॉम्ब त्याच वाक्यावर पडत असल्यामुळे पाहुणे हसू लागले होते. ध्वनी भिंतीवर टांगलेल्या चित्रासारखा आपल्या चौकटीत राहत नाही, हे ध्यानात न घेता केलेली अशी मांडणी दुर्मीळ नाही. एकाच दिशेने ध्वनी सोडणारे क्षेपक, भिंतींना आणि छताला ध्वनी शोषणारे अस्तर, किंवा सरळ हेडफोन असे उपाय उपलब्ध आहेत. त्यांना खर्च येतो एवढेच.

आता आभासी आकृत्यांविषयी. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यातील काउरा या गावाने आपल्या पर्यटक माहिती केंद्रात युद्धकैद्यांची कथा होलोग्रामच्या साह्याने सांगितली आहे आणि हे छोटेखानी सादरीकरण पुष्कळ वर्षे लोकप्रिय आहे. विषय तितकाच अवघड आहे: ५ ऑगस्ट १९४४ च्या मध्यरात्रीनंतर तेथील छावणीतील १,१०० हून अधिक जपानी कैद्यांनी कुंपणावर धाव घेतली, त्या प्रकरणात २३१ जपानी कैदी आणि चार ऑस्ट्रेलियन सैनिक मृत्युमुखी पडले. संग्रहालयांत ज्याला होलोग्राम म्हणतात ते पुष्कळदा तिरप्या काचेवर पाडलेले प्रतिबिंब असते, आणि १८६२ मध्ये लंडनमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी रंगमंचावर दाखवलेल्या भुताच्या खेळाचीच ती सुधारलेली आवृत्ती ठरते. ही युक्ती लहान प्रमाणात, मोजक्या मिनिटांत आणि एखाद्या निवेदकापुरती वापरली तर ती लक्ष वेधते आणि गोष्ट पुढे नेते. परंतु मेलेल्या कैद्यालाच काचेत उभे करून बोलायला लावणे मला पटत नाही. काउराच्या अनेक कैद्यांनी तर पकडले गेल्याचे घरी कळू नये म्हणून खोटी नावे सांगितली होती. ज्यांनी आपण जिवंत आहोत हेसुद्धा लपवले, त्यांना प्रेक्षकांसमोर बोलते करायचे असेल तर तोंडी घालायचे शब्द शेवटी लेखकाचेच असणार, आणि तंत्र जितके हुबेहूब तितका हा फरक प्रेक्षकाला कमी दिसणार.

सिंगापूरच्या चांगी चॅपल आणि संग्रहालयाने २०२१ मधील पुनर्मांडणीत मधला मार्ग काढला आहे. चांगीचा तुरुंग १९३६ मध्ये सुमारे ६०० कैद्यांसाठी बांधलेला होता आणि १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर त्यात सुमारे ३,००० नागरी बंदी कोंबले गेले. संग्रहालयात त्या तुरुंगातील कोठडीची प्रतिकृती उभारली आहे आणि आत बंदिवानांमधली संभाषणे ऐकू येतात. येथे जागा खरी नाही, केवळ तिची मापे खरी आहेत, म्हणून आवाजावर जास्त काम पडते. भिंती अंगावर येतात आणि कोणीतरी आपल्याजवळच बोलते आहे असा भास होतो, यामुळे दाटीची कल्पना आकड्यांपेक्षा लवकर येते. मात्र कोठडीतून आपल्याला हवे तेव्हा बाहेर पडता येते, हे प्रत्येकाला ठाऊक असते. प्रत्यक्ष अनुभव दिल्याचा दावा करणाऱ्या कोणत्याही मांडणीत ही खोट राहणारच. ती जितकी मोकळेपणाने मान्य केलेली असेल तितकी मांडणी प्रामाणिक वाटते.

आवाजाच्या बाजूने एवढे बोलल्यावर आवाज म्हणजे आपोआप सत्य, असा समज होऊ नये. पहिल्या महायुद्धात, १९१५ ते १९१८ या काळात, प्रशियाच्या राजाश्रयाने नेमलेल्या एका ध्वनिमुद्रण समितीने जर्मनीतील छावण्यांत फिरून युद्धकैद्यांचे आवाज मुद्रित केले. सुमारे २५० भाषा आणि बोलींतील सुमारे १,६५० तबकड्या तयार झाल्या, आणि आज त्या बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहात आहेत. बर्लिनजवळच्या व्युन्सडॉर्फ येथील छावणीत ठेवलेले हिंदुस्थानी शिपाईही त्यांत आहेत. भाषाशास्त्रासाठी हा खजिना आहे यात शंका नाही, परंतु कैद्याला भोंग्यासमोर उभे करून, आधी ठरवलेला मजकूर, कित्येकदा बायबलमधील उधळ्या पुत्राचा दाखला, म्हणून घेतला जात असे. आवाज खरा, माणूस खरा, कैद खरी, आणि बोलणे मात्र कैद करणाऱ्याने निवडलेले. अशी तबकडी प्रदर्शनात वाजवायची तर ती कोणी, कोठे, कशासाठी आणि कोणाच्या हुकमाने मुद्रित केली हे आधी सांगितल्याशिवाय वाजवू नये. हेलफायर पासच्या ऑडिओ गाइडमधील माणसे सुटून घरी गेल्यावर, आपल्या मर्जीने आणि आपल्या शब्दांत बोललेली आहेत, आणि त्या ध्वनिमुद्रणांचे निम्मे मोल यातच आहे.

हाच निकष लावला की सुरुवातीला उल्लेखलेली उणीव समोर येते. या मार्गावर सर्वांत जास्त संख्येने राबलेले आणि मेलेले लोक, म्हणजे मलायातील रबराच्या मळ्यांतून आणलेले तमिळ मजूर, तसेच ब्रह्मी, मलय, चिनी आणि जावा बेटावरचे मजूर, या हेडफोनमध्ये स्वतः जवळजवळ बोलतच नाहीत. त्यांच्याविषयी बोलले जाते. याचा सारा दोष ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना देता येणार नाही. युद्धकैद्यांच्या बाजूला त्यांचे अधिकारी होते, लष्करी डॉक्टर होते, नोंदी ठेवणारे होते, चोरून चित्रे काढणारे होते, आणि परतल्यावर आठवणी जपणारी सरकारे व संघटना होत्या. मजुरांना मजुरीची आमिषे दाखवून किंवा सरळ पकडून आणले गेले, बायकामुलेही बरोबर आली, पटकीच्या साथीत त्यांच्या तळांवर ना शिस्तबद्ध स्वच्छता होती ना वैद्यकीय मदत, आणि युद्ध संपल्यावर त्यांना विचारायला फार काळ कोणी गेले नाही. आज विचारावे तर विचारण्याजोगे कोणी उरलेले नाही म्हटले तरी चालेल.

तरीही करण्यासारखे काही नाही असे मला वाटत नाही. वाचलेल्यांच्या मुलानातवंडांनी घरात ऐकलेल्या गोष्टी तमिळमध्ये ध्वनिमुद्रित करून एखाद्या थांब्यावर ठेवता येतील, आणि त्या दुसऱ्या पिढीच्या आहेत हे निवेदनात स्पष्ट सांगता येईल. दुसरे असे की दृक्‌श्राव्य माध्यमाला आकड्यांतील फरक दाखवण्याची जी सोय असते ती येथे पुरेशी वापरलेली नाही: युद्धकैद्यांच्या मृत्यूंची नोंद नावानिशी आहे, कांचनाबुरीच्या युद्धस्मशानात जवळपास ७,००० थडगी रांगेने उभी आहेत, आणि मजुरांची कबर कोठे आहे हे बहुतेक ठिकाणी सांगता येत नाही. दालनातील पडद्यावर एका बाजूला नावे सरकत राहिली आणि दुसऱ्या बाजूला नुसता अंदाजाचा आकडा राहिला, तरी पाहणाऱ्याला नोंदीतली ही विषमता निवेदनाशिवाय उमगेल.

बारीकसारीक तक्रारी आणखी दोन आहेत. काही थांब्यांवरचे निवेदन उन्हात उभे राहून ऐकण्याच्या मानाने लांब आहे, आणि जेथे निवेदन सर्वांत भरीव आहे तेथेच सावली नसली तर माणूस अर्ध्यातच पुढे सरकतो. शिवाय कान पूर्ण झाकणारे हेडफोन लावून चालताना जंगलाचा आवाज आणि सोबत्याचे बोलणे दोन्ही तुटतात. कानांवर हलके टेकणारे, बाहेरचा ध्वनी आत येऊ देणारे हेडफोन येथे अधिक योग्य ठरतील, कारण बांबूच्या बेटांतून वाऱ्याने येणारी करकर हा या जागेच्या ध्वनीचाच भाग आहे आणि कैद्यांनीही ती ऐकलेली असणार.

जाणाऱ्यांसाठी व्यवहाराचे थोडे. कांचनाबुरी शहरापासून हे ठिकाण साधारण ८० किलोमीटरवर आहे, आणि एका दिवसात याच लोहमार्गावरचा क्वाय नदीचा पूल, युद्धस्मशान, रेल्वेप्रवास आणि हेलफायर पास अशा सहली विकल्या जातात त्यांत येथे फार तर तासभर मिळतो. तेवढ्यात खिंडीपर्यंत जाऊन परत येता येते, पण ऑडिओ गाइड धड ऐकून होत नाही, म्हणून अर्धा दिवस मोकळा ठेवून स्वतंत्र वाहनाने जावे. सकाळी लवकर पोचावे, आधी दालनातील चित्रफीत पाहावी, मगच यंत्र घेऊन खाली उतरावे. पायऱ्या बऱ्याच आहेत आणि परतताना त्या चढायच्या असतात, तेव्हा गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी वरच्या दालनातच वेळ द्यावा. खिंडीच्या पुढेही जुन्या मार्गावरून वाट जाते आणि तेथे थांबे आहेत; अंगात बळ आणि बाटलीत पाणी असेल तर तिकडे जरूर जावे, कारण बहुतेक पाहुणे खिंडीपासूनच माघारी फिरतात आणि पुढे वर्दळ नसल्याने ऐकणे चांगले होते. यंत्र वर परत करायचे असते, तेव्हा बंद होण्याची वेळ उतरण्यापूर्वीच विचारून घ्यावी.